शेठच्या डब्यातले चाकू

केळं चाकूने कापून खाणारा माणूस मी जळगावात एकच पाहिला. आमच्या भागात केळं सोलायचं आणि तीन घासांत संपवायचं, एवढंच असतं. सर मात्र केळं ताटलीत आडवं ठेवत, सालीसकट त्याच्या चकत्या करत आणि एकेका चकतीची साल पात्याच्या टोकाने सोडवून मग ती तोंडात टाकत. समोरच्याला हसू आवरत नसे. सर म्हणायचे, "हसून झालं की खा," आणि ताटली पुढे सरकवायचे.

त्यामागे त्यांचा एक नियम होता. उघडलेला चाकू काहीतरी कापल्याशिवाय मिटायचा नाही. घरी येणारा प्रत्येक जण सरांना चाकू दाखवायला सांगे. चाकू दाखवायचा म्हणजे उघडायचा आणि उघडला की काही ना काही कापायचं. घरात पेरू असला तर पेरू, काकडी असली तर काकडी. काहीच नसलं तर केळं, कारण केळी जळगावात कुठल्याही घरात सापडतात. कापलेलं पाहुण्याने खाल्लंच पाहिजे असाही नियम होता. सरांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्या स्वयंपाकघराच्या दारातून सांगायच्या, "भाऊ, खाई ले. तू खास नही तोवर तो चाकू मिटस नही, अन् त्यासनं जेवण व्हस नही."

सर एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. मी त्यांचा भाडेकरू होतो.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. धरणगावजवळच्या एका खेड्यातून एम.ए. करायला जळगावात आलो, तेव्हा खोली शोधण्यात माझे बरेच दिवस गेले. घरमालक आधी गाव विचारत, मग आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. एका बाईंनी तर किल्ली हातात दिली होती, ती परत मागून घेतली. रेल्वे फाटकापलीकडे सरांच्या घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती, आणि तीवरचं अक्षर इतकं सुंदर होतं की मी काही न ठरवता आत शिरलो. सर पेन्सिल टोकत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "पेन्सिल कशाने टोकतोस?"

"ब्लेडने, सर."

"ब्लेडला मूठ नसते. बोटं कापून घेशील. सामान कुठंय?"

माझं आडनाव त्यांना पहिल्यांदा कळलं ते माझं एक पोस्टाचं पाकीट चुकून त्यांच्या हातात पडलं तेव्हा. पाकीट मला देताना ते एवढंच म्हणाले, "तुझ्या आडनावातला दुसरा ऱ्हस्व पत्र लिहिणारे दीर्घ लिहितात. सांगत जा त्यांना." या माणसाचं माझ्यावर काय ऋण आहे ते मी कितीही लिहिलं तरी नीट सांगता येणार नाही. आज मी धुळ्याला सरकारी नोकरीत आहे, माझी बायको शिकलेली आहे, माझ्या मुलीला तिच्या वर्गात कोणी काही विचारत नाही. या सगळ्याची सुरुवात त्या मागच्या खोलीतून झाली. म्हणूनच पुढे जे झालं ते मला आजही गिळता येत नाही.

सरांकडे घडीचे चाकू होते. शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, शिसवी लाकडाचे. एकाला दोन पाती, एकाला पात्याबरोबर बूच काढायचा मळसूत्री खिळा. एक तर बोटाच्या पेराएवढा होता, त्याच्या मुठीवर मोर कोरलेला. सगळे त्यांनी भिंतीतल्या कपाटात मखमलीच्या पट्ट्यांवर लावून ठेवले होते, आणि सगळे मिटलेले. "चाकू मिटतो म्हणून तो सभ्य," असं ते म्हणत. "तलवारीला मिटता येत नाही, म्हणून तिला म्यान लागतं, कमरपट्टा लागतो, मिरवणूक लागते." खटका दाबला की फाडकन उघडणारे चाकू त्यांना अजिबात आवडत नसत. तसा एखादा हाती लागला तर ते तो तिथेच ठेवून देत. "हे घाबरवण्यासाठी केलंय, कापण्यासाठी नाही."

चाकू ते कुणाच्या हातात देत नसत. समोर ठेवायचे, दुसऱ्याने उचलायचा. हातात दिला की भांडण होतं अशी आपल्याकडे समजूत आहे. सर देवळातसुद्धा जात नसत, पण ही समजूत मात्र त्यांनी कसोशीने पाळली. मी एकदा म्हणालो, "सर, तुमचा यावर विश्वास आहे?" ते म्हणाले, "नाही. पण भांडण झालं तर उगाच चाकूवर नाव येईल."

शाळेत असताना त्यांनी शार्पनरवर बंदी घातली होती. शार्पनरने सगळ्या पेन्सिली सारख्या होतात, मग चित्रंही सारखी होतात, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते सगळ्या वर्गाच्या पेन्सिली जमा करून घरी नेत आणि एकेक चाकूने टोकून आणत. पालकांनी तक्रार केली, की मास्तर पेन्सिली टोकायच्या नावाखाली मुलांना चाकू दाखवतात. मुख्याध्यापकांनी समज दिली. सरांनी समज ऐकून घेतली आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा पेन्सिली नेल्या. 'चाकूसर' हे नाव तेव्हाचं.

हे सगळे चाकू एकाच जागेवरून आले होते. जुन्या गावात एका बोळात शेठची गहाणाची पेढी होती. दर शनिवारी संध्याकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जात. पुढे मीही त्यांच्यासोबत जाऊ लागलो. आता चाकू कोणी गहाण ठेवत नाही, हे खरंच आहे. लोक गहाण ठेवतात शिलाई मशीन, कोट, पितळी हंडे, ट्रंक, बाजाची पेटी. पण मशीनच्या खणात, कोटाच्या आतल्या खिशात, ट्रंकेच्या तळाशी एखादा चाकू राहून जातो. मुदत संपते, माणूस येत नाही, वस्तू विकली जाते. विकण्याआधी शेठ ती झटकून बघत आणि जे पडेल ते तुपाच्या एका रिकाम्या डब्यात टाकत. चष्मे, किल्ल्या, बटणं, शिट्ट्या, शिंप्यांची अंगुस्ताने आणि त्यात मधूनच एखादा चाकू.

"मास्तर, आज डबा जड आहे," शेठ गादीवरूनच सांगायचे.

"जड काय, शेठ, तुम्ही कुलपं भरता त्यात. मला फसवायला."

"तुम्हाला फसवून आम्ही कुठे जाणार? चहा घ्या आधी."

सर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून डबा ओतत. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. साठी उलटलेला माणूस जत्रेतल्या मुलासारखा दिसायचा. चाकू सापडला की ते तो कानाजवळ नेऊन उघडत. पातं अडखळतंय की सरळ येतंय ते ऐकत. मग विचारत, "शेठ, हा कुणाचा?"

"वस्तू बघा, मास्तर. माणूस बघू नका. मी माणूस बघायला लागलो तर पेढीला टाळं लावावं लागेल."

सरांना ते पटत नसे. मुठीची झीज बघून ते माणूस रचत. हा डावखुरा, हा तंबाखू मळणारा, हा नुसताच खिशात ठेवून मिरवणारा. खरं-खोटं कोण तपासणार? मला ते बरेचदा थापाच वाटत. शेठ मात्र मान डोलवत आणि म्हणत, "मास्तर, तुम्ही पोलिसात पाहिजे होतात." चाकू वर्तमानपत्रात गुंडाळला जाई, सर दगडी वजनाखाली नोट सरकवत, शेठ तिकडे बघत नसत. पावती कधी झाली नाही. गहाणाची वस्तू अशी परस्पर विकायची नसते, त्याला नोटीस असते, लिलाव असतो. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नसत. सरांच्या दृष्टीने ती मैत्री होती. मैत्रीत पावती कसली?

शेठ वाईट माणूस नव्हते, हेही मला इथे लिहिलं पाहिजे. एका रात्री अक्कांच्या पोटात दुखायला लागलं, तर शेठनी स्वतः गाडी काढली आणि दवाखान्याच्या बाकावर पहाटेपर्यंत बसून राहिले. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं ते मागच्या खोलीसाठी वेगळं यायचं. मला ते 'बेटा' म्हणायचे.

एकदा डब्यातून एक चाकू निघाला, एका कोटातून पडलेला असं शेठ म्हणाले; त्याच्या मुठीवर सुईने कोरलेलं नाव होतं आणि त्याखाली 'धरणगाव'. मूठ मध्ये तडकली होती, ती तांब्याच्या तारेने घट्ट बांधली होती. सरांनी तो मखमलीवर लावलाच नाही. पुढच्या रविवारी मला म्हणाले, "चल, तुझ्या तालुक्याला जाऊन येऊ." त्या नावाचा एक म्हातारा सुतार तिथे होता. आम्ही विचारत विचारत त्याच्या दारात पोचलो. ओट्यावर तो बसला होता, आत सून भाकरी थापत होती. सरांनी चाकू त्याच्यासमोर ओट्यावर ठेवला.

"आबा, हा तुमचा ना?"

म्हाताऱ्याने चाकू पाहिला. त्याचा हात पुढे आला. आतला भाकरीचा आवाज थांबला. सून ऐकत होती.

"मना नही तो," म्हातारा म्हणाला. "मी कसाले चाकू इकसू?"

"विकला म्हणत नाही मी. कोटात राहिला असेल."

"मनाकडे कोट नव्हताच."

आम्ही परत निघालो. बसमध्ये सरांनी तो चाकू काढला आणि स्वतःचा अंगठा तारेवर ठेवून पाहिला. मग म्हणाले, "त्याचाच होता. हात बघितलास? अंगठा बरोबर त्या तारेच्या जागी जात होता." मी म्हणालो, "मग खोटं का बोलले?" सर म्हणाले, "सुनेला कोट गहाण टाकलेला माहीत नसेल. लाज वाटली. लाज वाटली की माणूस स्वतःचीच वस्तू ओळखत नाही. त्यात त्याचा दोष नाही." आणि पुढे जे झालं त्यातही सरांनी असंच कोणाला दोष न देता वागायचं ठरवलं असावं, असं मला आता वाटतं. मला मात्र तसं वागता येत नाही.

खंडेनवमीला अक्का चाकूंची पूजा करायच्या. वर्षभर त्या चाकूंना नावं ठेवत, "बठ्ठा घरमा लोखंडच लोखंड शे," सगळ्या घरात लोखंडच, असं म्हणत. त्या दिवशी मात्र चौरंगावर लाल कापड पसरून सगळे चाकू मांडत, त्यांच्या शेजारी आपली विळी, अडकित्ता आणि माझं पेनसुद्धा ठेवत. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. त्या वर्षी सरांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. प्लॉटचा धंदा करायचा, सरांवर खूप माया. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि आपल्या स्टेटसला टाकला. चौरंग, चाकू, मागे हात जोडलेले सर आणि वर त्याने लिहिलं, 'आमच्या सरांचं शस्त्रपूजन'. प्रेमाने लिहिलं होतं. निवडणूक जवळ आली होती. तो फोटो कोणाकडून कोणाकडे गेला कोण जाणे. त्याच दिवशी चौकातल्या फलकांवर चार पुढारी नंग्या तलवारी हातात घेऊन दसऱ्याच्या शुभेच्छा देत उभे होते. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. पोलीस दोन दिवसांनी आमच्याकडे आले.

त्यांनी कपाट उघडलं आणि चाकू पोत्यात भरले. अक्कांचा अडकित्ताही नेला. अक्का दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "अरे, तो सुपारीना शे! सुपारी खाणारा माणूस कोणले मारी का?" एक तरुण शिपाई हसला. बाकीच्यांनी ऐकलंच नाही. सरांना गाडीत बसवलं. मी मागून धावत गेलो.

ठाण्यात एका टेबलावर चाकू मांडले होते, सगळे उघडे. पाती बाहेर, टोकं एका दिशेला. सर त्या टेबलाकडे बघू शकत नव्हते. "मिटवा तरी," ते दोनदा म्हणाले. त्यांना टेबलामागे उभं केलं, दोन बाजूंना दोन शिपाई, एकाचा हात खांद्यावर, आणि फोटो काढला. तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला. 'निवृत्त शिक्षकाच्या घरात शस्त्रसाठा.'

साहेबांनी विचारलं, "बिलं आहेत?"

"नाहीत."

"मग आणले कुठून?"

सरांनी सांगितलं. पेढीचं नाव, बोळ, शनिवार, तुपाचा डबा. त्यांना खोटं सुचतच नसे. साहेबही काही वाईट नव्हते. म्हणाले, "मास्तर, दुकानदार येऊन तसं म्हणाला तर माझंही काम सोपं होईल. छंद म्हणून घेतले, एवढंच लिहून घेतो आणि तुम्ही तुमच्या चाकूंसह घरी जा." एका फोनवर शेठ आले. सोबत मुलगा होता.

त्यांनी आधी सरांना नमस्कार केला. मग साहेबांना.

"साहेब, मास्तर देवमाणूस. माझ्या पेढीवर येतात, बसतात, चहा घेतात, गप्पा मारतात."

"चाकू तुम्ही विकलेत का यांना?"

शेठ हसले. "साहेब, तुम्हीच सांगा. चाकू कोणी गहाण ठेवतं का?"

ठाण्यातले सगळे हसले. प्रश्नच तसा होता. सर शेठकडे बघत राहिले. शेठ टेबलाकडे बघत होते. त्यांच्या डब्यातून गेलेला एकेक चाकू त्यांच्यासमोर उघडा पडला होता.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, मी दर शनिवारी सोबत गेलोय. माझ्यादेखत घेतलेत."

हवालदार माझ्याकडे वळला. "तू कोण?"

"भाडेकरू."

"भाडेकरूची नोंद केलीय ठाण्यात?" केली नव्हती. तो सरांना म्हणाला, "बघा, हा आणखी एक गुन्हा." मग मला, "आडनाव काय?"

मी सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. तिकडे बस."

तेव्हा सर बोलले. "साहेब, माझंच चुकलं. वय झालंय. जुन्या बाजारात घेतले असतील, भंगारवाल्यांकडून. नीट आठवत नाही." कुठला चाकू कुठल्या पावसाळ्यात मिळाला, त्या दिवशी शेठकडे चहात आलं होतं की नव्हतं, हे सांगणारा माणूस 'आठवत नाही' म्हणाला, आणि ते त्याने सही करून दिलं. हमीपत्र लिहून घेऊन त्यांना सोडलं. चाकू ठाण्यातच राहिले.

बाहेर आल्यावर शेठ म्हणाले, "चला मास्तर, गाडीवर घरी सोडतो. अक्का वाट बघत असतील."

मला वाटलं, आता तरी सर काही बोलतील. शेठनी मुलाला पुढे पाठवलं, आणि सर त्यांच्यामागे गाडीवर बसले. शेठच्या खांद्यावर हात ठेवला, कारण त्याशिवाय त्यांना बसता येत नव्हतं. मी चालत गेलो.

वकिलांनी नंतर सांगितलं, की अजूनही काही बिघडलेलं नाही. शेठनी एक जबाब दिला तर चाकू सुटतील आणि नावावरचा डागही जाईल. सर म्हणाले, "मी त्यांच्याकडे मागणार नाही." म्हणून मी गेलो. शेठनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला.

"बेटा, परवान्याचं नूतनीकरण आलंय. मुलगा धंद्यात नवा आहे. हे कागदावर आलं तर पेढीच जाईल. मास्तर समजून घेतील."

"ते समजून घेतात, शेठ. म्हणूनच मी आलोय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी होतं ते. चहा तसाच ठेवून मी उठलो.

मग लोक कमी झाले. ज्यांच्या पेन्सिली सरांनी टोकल्या होत्या त्यांच्यातलेही बरेच जण रस्त्यात भेटले की घाईत असायचे. प्लॉटवाला विद्यार्थी एकदा येऊन पायांवर पडून रडला आणि मग आला नाही. शाळेच्या वर्धापनदिनाला जुन्या शिक्षकांचा सत्कार होता, त्याचं आमंत्रण दिलेलं असताना निरोप आला की या वर्षी कार्यक्रम आटोपशीर करायचं ठरलंय. गल्लीत 'चाकूसर' जाऊन 'तलवारसर' झालं. शनिवारी सर सवयीने इस्त्रीचा शर्ट घालत आणि ओट्यावर बसून राहत. अक्का म्हणत, "जाई या ना कोठे तरी." ते म्हणत, "कुठे?"

सर कोणाबद्दलही वाईट बोलले नाहीत. मी त्यांच्यासमोर शेठना शिवी दिली, तेव्हा मला गप्प केलं. "त्यांना लाज वाटत होती," म्हणाले. मी म्हणालो, "सर, धरणगावच्या म्हाताऱ्याच्या खोटं बोलण्याने तुम्हाला कोणी पकडून नेलं नव्हतं." त्यावर ते हसले. एके दिवशी त्यांच्या टेबलावर मला प्लास्टिकचं हिरवं शार्पनर दिसलं. त्यानंतर त्यांनी चित्र काढलेलं मी पाहिलं नाही.

मला धुळ्याला नोकरी लागली आणि मी खोली सोडली. जाताना सरांनी मला काही दिलं नाही. देण्यासारखं जे होतं ते ठाण्याच्या खोलीत गंजत पडलं होतं. पुढल्या वैशाखात ते गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. अक्कांचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो.

गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, घरासमोर मंडप होता. आमच्याकडे त्या दिवशी जेवणाआधी गेलेल्या माणसाबद्दल चार लोक बोलतात. शाळेचे मुख्याध्यापक बोलले, त्यांनी सरांच्या शिस्तीचं कौतुक केलं. वॉर्डातला एक पुढारी बोलला, त्याला सरांचं नाव नीट घेता आलं नाही. मग शेठ उठले. मुलाने त्यांना माईकपर्यंत नेलं. आता त्यांना नीट दिसत नव्हतं.

"मास्तर दर शनिवारी माझ्या पेढीवर यायचे," शेठ म्हणाले. "माझा एक डबा होता. तुपाचा. त्यात हात घालून ते चाकू शोधायचे. लहान मुलासारखे. त्यांच्याकडे जेवढे चाकू होते ना, एकेक माझ्या हातून गेलेला आहे. एकेक. असं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळणार नाही. असा मित्र मिळणार नाही." मंडपात लोकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "काय माणूस शे! मनापासून बोलना."

जेवणाची पानं मांडत होते तेव्हा मी शेठजवळ गेलो.

"शेठ, हे आत्ता बोललात ते ठाण्यात बोलाल का? आजच चला. मी रिक्षा आणतो. चाकू अजून तिथेच आहेत."

त्यांनी माझा हात चाचपून धरला. "बेटा, मास्तरच गेले. आता चाकू कोणासाठी आणायचे?"

"अक्कांसाठी. आणि सरांच्या नावासाठी."

मुलगा मध्ये आला. "जाऊ दे ना, भाऊ. आज कशाला हा विषय?"

अक्का मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं त्या ओरडतील, अडकित्त्यासाठी ओरडल्या होत्या तशा. त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे रे. शेठ बोलनात ते बठ्ठासनी ऐकं. ज्याले ऐकानं व्हतं तोच नही आते." मग शेठना म्हणाल्या, "बसा, शेठ. जेवी जा. तसंच जाऊ नका."

शेठ पंगतीत बसले. मुलगा त्यांच्या शेजारी बसला. घरचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून वाढायला मी होतो. मी वरणाची बादली घेऊन त्यांच्या पानापाशी आलो, तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"बेटा, यात लसूण तर नाही ना? मला चालत नाही."

"नाही, शेठ."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः विचारलंय."

त्यांनी हात बाजूला घेतला आणि मी त्यांना वाढलं.